पाण्यातील बाष्पनशील सेंद्रिय संयुगं: नमुना घेण्यापासून शुद्धीकरणापर्यंत

पाणी नितळ आहे, वास नाही, टीडीएस मीटरवरचा आकडाही चांगला आहे, आणि तरीही त्यात बेंझिन असू शकतं. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. बेंझिन, टोल्युइन, ट्रायक्लोरोएथिलीन यांसारखी संयुगं वीज वाहून नेत नाहीत, त्यामुळे मीटरला ती दिसतच नाहीत. नाकावर भरवसा ठेवावा, तर बेंझिनचा वास जाणवेपर्यंत त्याचं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. या संयुगांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगं म्हणतात. बोलताना सगळे ‘व्हीओसी’ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात बेंझिनची कमाल मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य १० आहे. बेंझिनचा एक थेंब साधारण ४४ मिलीग्रॅमचा असतो. म्हणजे तो एकटा थेंब आठ हजार लिटरहून जास्त पाणी ५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो. इतक्या बारीक प्रमाणाशी आपला व्यवहार आहे. म्हणूनच या कामात यंत्रापेक्षा हात जपून वापरावे लागतात.

व्हीओसींचा मुख्य स्वभाव एकच: संधी मिळाली की पाणी सोडून हवेत जाणं. नमुना घेताना हा स्वभाव आपल्या विरोधात जातो, पाणी शुद्ध करताना तोच कामाला येतो. आणि हवेत गेलेलं संयुग संपलेलं नसतं, हे शुद्धीकरण करणाऱ्याने एक क्षणही विसरू नये. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीभोवती फिरते.

पायरी १: काय शोधायचं ते आधी ठरवा

प्रयोगशाळेत बाटली देऊन ‘सगळं तपासा’ म्हणणं महागात पडतं आणि नेमकं हवं ते निसटू शकतं. आधी आजूबाजूला काय चालतं, पूर्वी काय चालायचं, याची माहिती काढा. जुने नकाशे पाहा, जुन्या रहिवाशांशी बोला. जमिनीखालची टाकी वीस वर्षांपूर्वी बंद झाली म्हणून तिच्यातून झिरपलेलं पेट्रोल नाहीसं झालेलं नसतं.

पेट्रोलची गळती असेल तर बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन आणि झायलीन ही चौकडी शोधायची. चारही नावांची आद्याक्षरं जोडून तिला ‘बीटीईएक्स’ म्हणतात. पेट्रोलमध्ये ऑक्सिजनयुक्त पूरक म्हणून एमटीबीई मिसळलं जात असेल किंवा पूर्वी मिसळलं जात असेल, तर तेही यादीत घ्या. एमटीबीई पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि बेंझिनच्या पुढे धावतं. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला याच संयुगामुळे आपल्या पिण्याच्या पाण्याच्या बऱ्याच विहिरी बंद कराव्या लागल्या.

कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगची जागा असेल तर टेट्राक्लोरोएथिलीन, म्हणजे पीसीई. धातूच्या भागांवरचं वंगण धुण्याचं काम चालत असेल तर ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे टीसीई. ही दोन्ही मागवताना त्यांची पुढची पिढीही मागवा. ऑक्सिजन नसलेल्या भूजलात जिवाणू पीसीईचं टीसीई करतात, टीसीईचं सिस-डायक्लोरोएथिलीन आणि त्याचं विनाइल क्लोराइड. हे शेवटचं संयुग माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे आणि त्याची मर्यादा या साखळीत सर्वांत कडक आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लिटरला ०.३ मायक्रोग्रॅम. अहवालात टीसीई कमी झालेलं दिसलं आणि विनाइल क्लोराइड तपासलंच नसेल, तर आनंद मानायला जागा नाही.

टीसीईसोबत किंवा १,१,१-ट्रायक्लोरोएथेनसोबत १,४-डायॉक्सेन असण्याची शक्यताही लक्षात ठेवा. ट्रायक्लोरोएथेन टिकून राहावं म्हणून ते त्यात घालत असत. नेहमीच्या व्हीओसी चाचणीत ते नीट पकडलं जात नाही, त्याची चाचणी वेगळी मागावी लागते.

क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यात क्लोरोफॉर्म आणि त्याची ब्रोमीनयुक्त भावंडं सापडतात. ती बाहेरून आलेली नसतात. क्लोरीन आणि पाण्यातला नैसर्गिक सेंद्रिय अंश यांच्या अभिक्रियेतून ती तयार होतात. अमेरिकेत या चौघांची मिळून मर्यादा लिटरला ८० मायक्रोग्रॅम आहे.

एक स्रोत बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे जलवाहिनी स्वतः. पॉलिएथिलीनचा पाइप पेट्रोलने भिजलेल्या मातीतून जात असेल, तर बीटीईएक्स पाइपच्या भिंतीतून आत शिरतं. पाइपला भेग असण्याची गरज नसते, रेणू प्लास्टिकमधूनच आरपार जातात. कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये सँटा रोझा आणि २०१८ मध्ये पॅराडाइज इथे वणव्यांनंतर नळाच्या पाण्यात बेंझिन आढळलं होतं; आगीत तापलेल्या, जळालेल्या प्लास्टिकच्या वाहिन्या हा त्याचा एक संभाव्य स्रोत मानला गेला.

शेवटची गोष्ट घनतेची. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलाच्या पातळीवर तरंगतं. टीसीईची घनता सुमारे १.४६ आणि पीसीईची १.६२, शुद्ध द्रवरूपात सांडली तर ती भूजलातून खाली बुडत जातात आणि कठीण थरावर साचतात. नमुना कोणत्या खोलीवरून घ्यायचा हे त्यावरून ठरतं.

पायरी २: नमुना

या लेखातली एकच पायरी काळजीपूर्वक वाचायची असेल तर ही वाचा. प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र तुम्ही आणून दिलेलं पाणीच मोजतं. वाटेत उडून गेलेलं बेंझिन त्याला परत आणता येत नाही. वाईट नमुन्याचा अहवाल बहुतेकदा ‘पाणी चांगलं आहे’ या बाजूला चुकतो, आणि ती चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. ४० मिलिलिटरची काचेची व्हायल, शक्यतो तपकिरी, आणि टोपणाच्या आत टेफ्लॉनचा थर असलेली सिलिकॉनची चकती, म्हणजे सेप्टम. टेफ्लॉनची बाजू पाण्याकडे हवी. प्लास्टिकची बाटली कितीही स्वच्छ असली तरी चालत नाही. प्रत्येक ठिकाणासाठी निदान दोन, जमल्यास तीन व्हायल भरा, कारण एका चाचणीत एक व्हायल संपते.

बहुतेक व्हायलमध्ये आधीच थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेलं असतं. पाण्याचा सामू २ च्या खाली गेला की जिवाणू थांबतात आणि नमुना १४ दिवस टिकतो. आम्लाविना तो ७ दिवसांत तपासावा लागतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे हाताळा. पाणी क्लोरीनयुक्त असेल तर आधी क्लोरीन निष्प्रभ करावा लागतो, त्यासाठी व्हायलमध्ये ॲस्कॉर्बिक आम्ल असतं. अशा वेळी पाणी भरल्यावर मग हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे. क्लोरीन तसाच राहिला तर क्लोरोफॉर्म बाटलीतही बनत राहतं. पाण्यात कार्बोनेट भरपूर असेल तर आम्ल पडताच ते फसफसतं आणि त्या बुडबुड्यांबरोबर व्हीओसी निघून जातात. असं दिसलं तर आम्ल नसलेली व्हायल वापरा आणि ७ दिवसांची मुदत पाळा.

नळावरून घेताना नळाच्या तोंडाची जाळी काढा, ती पाण्यात हवा मिसळते. फिल्टर, सॉफ्टनर किंवा साठवण टाकीच्या आधीचा नळ निवडा, कारण टाकीत पडताना आणि साचून राहताना पाण्यातली काही संयुगं निघून जातात. विहिरीचं खरं पाणी कसं आहे हे कळायला पंपाजवळचाच नमुना लागतो. (घरात प्रत्यक्ष काय पोचतं हे पाहायचं असेल तर स्वयंपाकघरातल्या नळाचा दुसरा नमुना घ्या.) पाणी तापमान स्थिर होईपर्यंत वाहू द्या आणि मग धार पेन्सिलइतकी बारीक करा. प्लास्टिकच्या पाइपमधून बीटीईएक्स शिरत असल्याची शंका असेल तर मात्र उलट करायचं: पाणी रात्रभर पाइपमध्ये साचू द्या आणि सकाळी पहिलंच पाणी घ्या.

निरीक्षण बोअरमधून घेताना आवरणनळीत साचलेलं पाणी उपयोगाचं नाही, त्यातले व्हीओसी केव्हाच वर निघून गेलेले असतात. मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या संथ गतीने उपसा करत राहा. तापमान, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन यांची लागोपाठ तीन वाचनं जुळली की ताजं भूजल येऊ लागलं असं समजा. आतली लवचीक पिशवी दाबून पाणी वर ढकलणारा ब्लॅडर पंप यासाठी सर्वांत चांगला. दोरीला बांधलेली नळकांडी वरून सोडली तर पाणी घुसळतं. हवा सोडून पाणी वर फेकणारा एअर-लिफ्ट पंप तर अजिबात नको, तो बोअरमध्येच व्हीओसी काढून टाकतो. पंप न लावता काम करायचं असेल तर शुद्ध पाण्याने भरलेली पॉलिएथिलीनची पिशवी साधारण दोन आठवडे बोअरमध्ये टांगून ठेवता येते. व्हीओसी तिच्या भिंतीतून आत येतात आणि आतबाहेरचं प्रमाण सारखं होतं. एमटीबीई आणि ॲसिटोनसाठी ही पिशवी कामाची नाही.

आता भरणं. व्हायल तिरकी धरा, पाणी काचेच्या भिंतीवरून सावकाश उतरू द्या. तोंडाशी आल्यावर सरळ करा आणि पाण्याचा फुगीर घुमट दिसेपर्यंत भरा. ओसंडून वाहू देऊ नका, नाहीतर आतलं आम्ल वाहून जाईल. टोपण घट्ट लावा, व्हायल उलटी करा, बोटाने टिचकी मारा. आत बुडबुडा दिसला तर ती बाजूला ठेवा आणि नवी भरा. उघडून वरून पाणी घालणं टाळा. वाटाण्याएवढा बुडबुडासुद्धा पुरेसा असतो: विनाइल क्लोराइडसारखं संयुग त्या हवेत लगेच जाऊन बसतं. व्हीओसीच्या नमुन्याला कधीही गाळू नका.

नमुने बर्फात, ४ अंशांच्या आसपास ठेवा, गोठू देऊ नका. त्यांच्याच खोक्यात किंवा गाडीच्या डिकीत पेट्रोलचा डबा, रंग, थिनर नको. नमुने घ्यायच्या दिवशी वाटेत गाडीत इंधन भरू नका, अत्तर लावू नका आणि लेबलवर तीव्र वासाच्या मार्करने लिहू नका. काही मार्करच्या शाईत झायलीन किंवा टोल्युइन असतं. सर्वांत स्वच्छ वाटणाऱ्या ठिकाणापासून सुरुवात करून सर्वांत दूषित ठिकाणी शेवटी जा.

प्रयोगशाळेने शुद्ध पाण्याने भरून दिलेली एक बंद व्हायल पूर्ण प्रवासात सोबत ठेवा आणि न उघडता परत द्या. तिला ट्रिप ब्लँक म्हणतात. तिच्यात टोल्युइन सापडलं, तर तुमच्या नमुन्यातलं टोल्युइन वाटेतही आलेलं असू शकतं. खर्च वाचवायला लोक पहिली काट हिच्यावर मारतात. माझ्या मते हिच्याविना आलेल्या अहवालावरून कोणताही मोठा निर्णय घेऊ नये.

पायरी ३: मोजणी, आणि अहवाल वाचणं

जागेवरच झटपट अंदाज घ्यायला पीआयडी, म्हणजे प्रकाश-आयनीकरण शोधक, हे हातात धरायचं यंत्र वापरतात. बरणी अर्धी पाण्याने भरून झाकायची, हलवायची, थोडं थांबून वरच्या हवेत यंत्राचं टोक धरायचं. आकडा जास्त आला की तिथे काहीतरी आहे. पण काय आहे हे तो सांगत नाही, आणि काही संयुगं त्याला दिसतही नाहीत. यंत्रातला नेहमीचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. बेंझिनचं आयनीकरण ९.२४ ला होतं, टीसीईचं ९.४७ ला, म्हणून ती पकडली जातात. क्लोरोफॉर्मला ११.३७ लागतात, कार्बन टेट्राक्लोराइडला ११.४७, त्यांच्यापुढे यंत्र शून्यच दाखवतं. दमट हवेतही आकडा चुकतो. पीआयडीचा उपयोग कोणत्या बोअरचा नमुना आधी पाठवायचा हे ठरवण्यापुरता. पिण्यायोग्यतेचा निकाल त्यावरून देऊ नका.

खरी मोजणी प्रयोगशाळेत ‘पर्ज अँड ट्रॅप’ पद्धतीने होते. नमुन्यातून हेलियमसारखा निष्क्रिय वायू बुडबुड्यांच्या रूपाने सोडतात. ठरलेल्या पद्धतीत मिनिटाला ४० मिलिलिटर, ११ मिनिटं. व्हीओसी त्या वायूबरोबर बाहेर येतात आणि शोषक पदार्थ भरलेल्या बारीक नळीत अडकतात. नळी झटकन तापवली की ती सुटून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये जातात, तिथे एकमेकांपासून वेगळी होतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्यांच्या तुकड्यांवरून त्यांना ओळखतो. सोपा पर्याय हेडस्पेस पद्धतीचा: बंद व्हायल तापवून तिच्यातली वरची हवाच यंत्रात सोडायची. दोन्हींत संयुगाला पाण्यातून हवेत यायला लावलं जातं. पायरी ५ मधला शुद्धीकरणाचा मनोराही हेच करणार आहे.

अहवाल हातात आला की आधी एकक पाहा. मिलीग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. मग शोधमर्यादा पाहा. ‘आढळलं नाही’ याचा अर्थ ‘या मर्यादेच्या वर आढळलं नाही’ इतकाच. विनाइल क्लोराइडसाठी शोधमर्यादा ५ मायक्रोग्रॅम असेल, तर ०.३ च्या मूल्याशी तुलना करायला तो अहवाल निरुपयोगी आहे. ही चौकशी नमुना देण्यापूर्वीच करून ठेवावी. नंतर ब्लँकचे आकडे आणि मुद्दाम घातलेल्या ओळखीच्या संयुगाची वसुली, म्हणजे त्यातलं किती परत मोजलं गेलं, ते पाहा. ती साधारण ७० ते १३० टक्क्यांत असावी. ॲसिटोन किंवा डायक्लोरोमिथेन थोड्या प्रमाणात दिसलं तर घाबरून जाण्याआधी ब्लँक तपासा, कारण ही दोन्ही प्रयोगशाळेच्या हवेतून नमुन्यात येणारी नेहमीची पाहुणी आहेत.

मर्यादेच्या वर आकडा आला तर दुसरा नमुना घेऊन खात्री करा. पण खात्री होईपर्यंत ते पाणी पिऊ नका.

दरम्यान घरात काय करायचं

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसरं पाणी वापरा. पाणी उकळून पिऊ नका. उकळल्याने जंतू मरतात; व्हीओसी मात्र वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतात आणि श्वासावाटे तुमच्याच फुप्फुसात जातात. गरम पाण्याच्या शॉवरचंही तसंच आहे. प्रमाण जास्त असेल तर बंद न्हाणीघरात श्वासातून मिळणारी मात्रा पिण्यातून मिळणाऱ्या मात्रेच्या बरोबरीची असू शकते. म्हणून आंघोळ थोडक्यात, कोमट पाण्याने, खिडकी उघडी ठेवून किंवा पंखा लावून. क्लोरीनच्या गोळ्या किंवा तुरटी यांचा इथे काही उपयोग नाही. आरओवरही विसंबून राहू नका. लहान, विद्युतभाररहित रेणू त्याच्या पडद्यातून बऱ्याच अंशी निसटतात. अशा यंत्रांत व्हीओसी कमी होतात ते मुख्यतः सोबतच्या कार्बन फिल्टरमुळे.

पायरी ४: पद्धत निवडा

निवडीची किल्ली हेन्री स्थिरांकात आहे. बंद भांड्यात पाणी आणि हवा समतोलात आली की हवेतलं प्रमाण भागिले पाण्यातलं प्रमाण, म्हणजे हा आकडा. २५ अंशांना तो साधारण असा:

- कार्बन टेट्राक्लोराइड आणि विनाइल क्लोराइड: १.१ ते १.२
- पीसीई: ०.७
- टीसीई: ०.४
- टोल्युइन: ०.२७, बेंझिन: ०.२२
- क्लोरोफॉर्म: ०.१५
- एमटीबीई: ०.०२५
- १,४-डायॉक्सेन: ०.०००२

आकडा मोठा तितकं संयुग हवेने हुसकावणं सोपं. ०.१ च्या वर असेल तर हवेचा मनोरा विचारात घ्या. एमटीबीईपाशी हवेचा खर्च अंगावर येतो. डायॉक्सेनसाठी हवेचा नाद सोडा, तिथे ऑक्सिडीकरणच लागतं.

पायरी ५: हवेने काढणं, म्हणजे एअर स्ट्रिपिंग

उंच मनोऱ्यात प्लास्टिकचे पोकळ तुकडे भरलेले असतात. पाणी वरून पसरत खाली येतं, ब्लोअरची हवा खालून वर जाते. जागा कमी असेल तर एकावर एक छिद्रांचे ट्रे असलेला बुटका स्ट्रिपर मिळतो. त्याची सफाई सोपी, म्हणून लहान कामाला मी तोच सुचवेन.

हवा किती लागेल? किमान हवा म्हणजे काढायचा अंश भागिले हेन्री स्थिरांक. समजा, ताशी ६ घनमीटर पाणी आहे, त्यात बेंझिन ५० मायक्रोग्रॅम आहे आणि ते ०.५ वर आणायचं आहे, म्हणजे ९९ टक्के काढायचं आहे. ०.९९ भागिले ०.२२ म्हणजे ४.५. एक घनमीटर पाण्याला किमान साडेचार घनमीटर हवा. हे कागदावरचं, प्रत्यक्षात सुमारे साडेतीन पट घेतात, म्हणजे १६. पण भूजल १० अंशांचं असेल तर बेंझिनचा स्थिरांक जवळपास निम्मा होतो आणि हवा दुप्पट, ३२ पर्यंत, लागते. ताशी जवळजवळ १९० घनमीटर हवा देणारा ब्लोअर हवा. हाच हिशेब एमटीबीईसाठी केला तर २५ अंशांनाही १४० पट हवा येते. नवशिके हमखास २५ अंशांचा आकडा घेऊन मनोरा उभा करतात आणि थंड पाण्यात तो कमी पडतो. तुमच्या पाण्याचं तापमान मोजूनच गणित करा.

मनोऱ्याचा शत्रू म्हणजे खनिजं. हवेबरोबर पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही निघून जातो, सामू वाढतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर तुकड्यांवर बसतो. विरघळलेलं लोह ऑक्सिजन मिळताच गंजासारखं साचतं. त्यामुळे व्हीओसीबरोबरच लोह, मँगनीज आणि कठीणपणाची चाचणी सुरुवातीलाच करून घ्या. लोह लिटरला काही मिलीग्रॅम असेल तर ते आधी काढा. मनोऱ्यात हवेचा दाब हळूहळू चढू लागला की तो तुंबतोय असं समजून आम्लाने धुवायची तयारी करा.

आणि आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ती हवा कुठे जाते? वरच्या उदाहरणात तासाला सुमारे ३०० मिलीग्रॅम बेंझिन बाहेर पडतं, दिवसाला ७ ग्रॅम. मनोऱ्याच्या तोंडाशी हवेत त्याचं प्रमाण घनमीटरला दीड हजार मायक्रोग्रॅमच्या वर असतं. युरोपीय संघाने बाहेरच्या हवेसाठी घातलेली बेंझिनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. उघड्यावर ते विरळ होतं हे खरं, पण शेजारी कोणाची खिडकी असेल तर विहिरीचा प्रश्न आपण त्या घरात नेऊन सोडला. बाहेर पडणारी हवा कार्बनच्या पिंपातून सोडावी. ती दमट असते आणि दमट हवेत कार्बनची क्षमता घटते, म्हणून थोडी तापवून सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली आणावी. प्रमाण खूप जास्त असेल तर उष्णतेने जाळतात. क्लोरीनयुक्त संयुगं जाळली तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते, ती धुणारी सोयही मग लागते. तुमच्या भागातली परवानगी मनोरा विकत घेण्याआधी तपासा.

पायरी ६: सक्रिय कार्बन

पाणी दाणेदार सक्रिय कार्बनच्या थरातून सोडलं की व्हीओसी त्याच्या सूक्ष्म छिद्रांत चिकटतात. पीसीई छान चिकटतं. टीसीई आणि बीटीईएक्सही ठीक. क्लोरोफॉर्म आणि एमटीबीई लवकर सुटतात आणि विनाइल क्लोराइड जवळजवळ थांबतच नाही. म्हणजे विनाइल क्लोराइड हवेने काढायचं आणि राहिलेलं कार्बनने, अशी जोडी बऱ्याच ठिकाणी जमते.

रिकाम्या थराचा संपर्ककाळ, म्हणजे थराचं आकारमान भागिले पाण्याचा प्रवाह, १० ते २० मिनिटं धरतात. ताशी ६ घनमीटर पाणी आणि १० मिनिटं म्हणजे १ घनमीटर कार्बन, साधारण ४०० ते ५०० किलो. अशी दोन पिंपं एकामागोमाग लावा. नमुन्याचा नळ दोन पिंपांच्या मध्ये हवाच. मधल्या नळावर संयुग दिसू लागलं की पहिल्यातला कार्बन बदलायचा, दुसरं पिंप पहिल्या जागी आणायचं आणि ताजं भरलेलं मागे. एकाच पिंपावर काम चालवणं म्हणजे कार्बन संपल्याची बातमी पिणाऱ्याला सर्वांत आधी कळणं.

नवा कार्बन भरल्यावर त्याला पूर्ण भिजू द्या, उलट्या प्रवाहाने बारीक भुकटी धुऊन काढा आणि सुरुवातीचं पाणी वाहून जाऊ द्या. त्यानंतर एका धोक्याकडे लक्ष ठेवा. जोरात चिकटणारं संयुग आधी बसलेल्या कमजोर संयुगाला ढकलून बाहेर काढतं. त्यामुळे थकलेल्या थरातून बाहेर येणाऱ्या पाण्यात क्लोरोफॉर्म आत येणाऱ्या पाण्यापेक्षाही जास्त असू शकतं. पाण्यातला नैसर्गिक सेंद्रिय अंशही जागा अडवतो. कंपनीने दिलेलं कार्बनचं आयुष्य म्हणूनच अंदाज समजा आणि बदलायची तारीख नमुन्यांवरून ठरवा.

घरगुती फिल्टर घेताना एनएसएफ/एएनएसआय ५३ या मानकाखाली व्हीओसी कमी करण्यासाठी तपासलेला घ्या. चव आणि क्लोरीन यांसाठीचं मानक ४२ आहे, ते व्हीओसीसाठी पुरेसं नाही. सिंकखालचा फिल्टर फक्त पिण्याचं पाणी सांभाळतो. प्रमाण जास्त असेल तर शॉवरच्या वाफेसाठी पूर्ण घराला येणाऱ्या मुख्य वाहिनीवर यंत्रणा बसवावी लागते. कार्बन क्लोरीनही काढून घेतो, त्यामुळे पुढच्या पाण्यात जिवाणू वाढू शकतात. फिल्टरचं काडतूस वेळेवर बदला.

वापरलेला कार्बन कचऱ्यात टाकू नका. पुनरुज्जीवन करणारे तो उच्च तापमानाला तापवून संयुगं नष्ट करतात, त्यांच्याकडे पाठवा.

बाकीचे मार्ग, थोडक्यात

अतिनील प्रकाश आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा ओझोन आणि पेरॉक्साइड यांच्या जोडीतून हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, तयार होतात आणि ती संयुगांचे तुकडे करतात. डायॉक्सेनसाठी हाच विश्वासाचा मार्ग. वीज खूप लागते, पाणी गढूळ असेल तर प्रकाश आत पोचत नाही आणि बायकार्बोनेट मूलकं खाऊन टाकतं.

भूजल जमिनीतच स्वच्छ करायचं असेल तर बीटीईएक्ससाठी ऑक्सिजन पुरवला की तिथले जिवाणू काम सुरू करतात. पीसीई, टीसीईसाठी उलट, ऑक्सिजनविरहित परिस्थिती आणि डीहॅलोकोकॉइडिस नावाचे जिवाणू लागतात, जे विनाइल क्लोराइडचं निरुपद्रवी एथिन करतात. ते तिथे नसतील तर साखळी मध्येच अडकून विनाइल क्लोराइड साठत जातं, म्हणून जमिनीतल्या जिवाणूंना अन्न घालण्याआधी त्यांची जनुकीय चाचणी करा. प्रवाहाच्या आड लोखंडाच्या कणांची भिंत पुरून तिच्यातून पाणी जाऊ देण्याची पद्धतही १९९०च्या दशकापासून वापरात आहे. लोह क्लोरीनयुक्त संयुगांतला क्लोरीन काढून घेतं.

पायरी ७: चालू झाल्यावर

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला नमुना, नंतर आकडे स्थिर झाल्यावर महिन्याला: आत येणारं पाणी, मधला नळ, बाहेर जाणारं पाणी. आत येणाऱ्या पाण्याचा नमुना खर्च वाचवायला वगळू नका, कारण भूजलातलं प्रमाण बदलतं. प्रत्येक वाचनासोबत प्रवाह, हवेचा दाब आणि पाण्याचं तापमान लिहून ठेवा. ब्लोअर बंद पडला तर पंप आपोआप थांबेल अशी जोडणी पहिल्या दिवशीच करून घ्या. पेट्रोलची वाफ पेट घेते, म्हणून मनोऱ्याच्या आसपास स्फोटरोधक विद्युत उपकरणं लागतात. टाकीत किंवा बंद खड्ड्यात हवा तपासल्याशिवाय, बाहेर माणूस उभा केल्याशिवाय कोणीही उतरू नये.

भूजलाचे आकडे मर्यादेखाली गेले की पंप बंद करायची घाई होते. थांबा. मातीच्या बारीक थरांत अडकलेलं संयुग उपसा थांबल्यावर पुन्हा पाण्यात उतरतं आणि काही महिन्यांनी आकडे परत चढतात. पंप बंद केल्यावर निदान वर्षभर, सगळे ऋतू येतील अशा बेताने, त्याच बोअरमधून त्याच पद्धतीने नमुने घ्या. तोवर मनोरा मोडू नका आणि कार्बनची पिंपं विकू नका.